दर बुधवारचे अंक: न चुकवता घेणं, छपाई ओळखणं आणि ठाण्याच्या पावसाळ्यात टिकवणं

बुधवारची_पेटी:

नमस्कार मंडळी. मुक्काम सध्या न्यू जर्सी. अमेरिकी कॉमिक्सच्या तीन मालिका सलग घेतो आहे: अमेझिंग स्पायडर-मॅन, डिटेक्टिव्ह कॉमिक्स आणि अ‍ॅब्सोल्यूट बॅटमन. जुने-नवे धरून आजवर ३४० अंक जमले आहेत. पुढच्या वर्षी सगळं बिऱ्हाड ठाण्याला हलवायचं आहे. तिसरा मजला, अंकांसाठी पश्चिमेकडची खोली. त्याआधी चार गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

पहिली, नवे अंक बुधवारी येतात, पण संध्याकाळी दुकानात गेलं की नेमका हवा तो अंक संपलेला असतो. "आधी सांगायला हवं होतं" असं उत्तर मिळतं. आधी म्हणजे किती आधी, आणि सांगायचं काय?

दुसरी, एकाच अंकावर दोन-दोन क्रमांक असतात, शिवाय मुखपृष्ठं पाच-सहा. दुसरी छपाई पहिलीच्या भावात गळ्यात पडू नये म्हणून काय बघायचं?

तिसरी, अंक ठेवायची प्लास्टिकची बॅग आणि त्यामागे घालायचा पुठ्ठ्याचा बोर्ड कोणत्या मापाचे, कोणत्या प्लास्टिकचे?

चौथी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटी घट्ट बंद केली की मुंबई-ठाण्यात भागतं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरंच भागतं का?

अंक विकायचे नाहीत. वाचायचे आहेत, आणि वीस वर्षांनीही वाचता यायला हवे आहेत.

यादी_आधी:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या व्यवहारात आहे. अमेरिकेतली कॉमिक्सची दुकानं 'डायरेक्ट मार्केट' पद्धतीने माल घेतात. १९७३ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. पूर्वी वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर न खपलेले अंक परत जायचे. डायरेक्ट मार्केटमध्ये दुकानाला सूट जास्त मिळते, पण उरलेला अंक सहसा परत करता येत नाही, तो दुकानाच्याच अंगावर पडतो. म्हणून दुकानदार नोंदणीवाल्यांचे अंक मोजतो, वर थोडे धरतो आणि तेवढेच मागवतो. ज्याचं नाव नोंदणीत नाही त्याच्यासाठी अंक उरला तर उरला.

या नोंदणीला पुल लिस्ट म्हणतात. मालिकेचं नाव एकदा दिलं की तिचा प्रत्येक अंक तुमच्या नावाच्या खणात पडतो. बहुतेक ठिकाणी नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण ठेवलेला अंक उचलायची जबाबदारी तुमची. महिना-दीड महिना खण रिकामा झाला नाही की दुकानं नाव काढून टाकतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

आता "किती आधी". नव्या अंकाची जाहिरात प्रकाशनाच्या दोन-तीन महिने आधी येते. त्यानंतर प्रत्येक अंकाला फायनल ऑर्डर कटऑफ असते, म्हणजे दुकानदाराला आकडा वाढवायची किंवा कमी करायची शेवटची तारीख. ती साधारण तीन-चार आठवडे आधी येते. ती उलटली की वितरकाच्या गोदामात काही उरलं असेल तेवढ्यावरच भिस्त. थोडक्यात, नवी मालिका सुरू होणार असेल तर पहिला अंक येण्याच्या किमान पाच आठवडे आधी नाव द्या. मालिका बंद करायची असेल तरी त्याच हिशेबाने कळवा, कारण कटऑफनंतरचे अंक तुमच्यासाठी आधीच मागवून झालेले असतात. नव्या मालिकेत तर दुसऱ्या अंकाची कटऑफ पहिला अंक तुमच्या हातात पडण्याच्या सुमारासच येऊन जाते. पहिला अंक वाचून मग ठरवू म्हणणाऱ्यांचा दुसरा अंक हुकतो तो यामुळे.

नोंदणी करताना "स्पायडर-मॅन द्या" म्हणू नका, त्या नावाच्या चार-पाच मालिका एकाच वेळी चालू असतात. मालिकेचं पूर्ण नाव, सुरू झाल्याचं वर्ष, "फक्त कव्हर ए" (म्हणजे मुख्य, साधं मुखपृष्ठ) आणि "एकच प्रत" एवढं लेखी द्या. वार्षिक विशेषांक, म्हणजे अ‍ॅन्युअल, मालिकेच्या क्रमांकात धरले जात नाहीत आणि बऱ्याच दुकानांत नोंदणीत आपोआप येत नाहीत. ते वेगळे सांगा. अनेक मालिकांत पसरलेली मोठी कथा सुरू झाली की तिचे जोड-अंकही वेगळे मागावे लागतात, आणि ते सगळे घ्यायलाच हवेत असं नाही. मुख्य मालिका आणि तुमची मालिका एवढ्यात गोष्ट बहुतेक वेळा पूर्ण कळते.

खर्चाचा अंदाज: अंकाची किंमत आता ३.९९ किंवा ४.९९ डॉलर. 'मासिक' शब्दावर विसंबू नका, अमेझिंग स्पायडर-मॅन बरेचदा महिन्यात दोनदा येतो. तुमच्या तीन मालिकांचे मिळून महिन्याला चार अंक धरले तर १६ ते २० डॉलर. शतक पुरं करणारे जाड अंक ७.९९ किंवा ९.९९ पर्यंत जातात.

१:२५ असं लिहिलेलं मुखपृष्ठ दिसलं तर त्याचा अर्थ असा की दुकानाने साध्या मुखपृष्ठाचे २५ अंक मागवले की तसा एक मागवायची मुभा मिळते. त्या २५ प्रतींचा भार दुकान त्या एका प्रतीवर टाकतं, म्हणून किंमत फुगते. आतली पानं तीच असतात. वाचणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटची आणि फार महत्त्वाची गोष्ट, अंक काउंटरवरच तपासा. २०२० मध्ये डीसी या प्रकाशकाने डायमंड हा वितरक सोडला, २०२१ मध्ये मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या प्रकाशकाचं वितरण पेंग्विन रँडम हाउसकडे गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता एकाच दुकानात वेगवेगळ्या वितरकांची खोकी येतात आणि प्रत्येकाचं पॅकिंग वेगळं. खराब प्रतीची तक्रार दुकानाला थोड्याच दिवसांत नोंदवावी लागते. तुम्ही तीन आठवड्यांनी दुमडलेला कोपरा दाखवलात तर दुकानदाराला काहीच करता येत नाही. चारही कोपरे, कण्यावरच्या पिना, मागचं मुखपृष्ठ आणि मधली जोडपानं, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो.

सतरा_आकडे:

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण याचं उत्तर अंकावरच छापलेलं असतं.

बारकोडकडे बघा. डावीकडे १२ आकडे, उजवीकडे जरा वर लहान पट्ट्यांखाली आणखी ५. सगळी गंमत त्या पाच आकड्यांत आहे. पहिले तीन म्हणजे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा, पाचवा छपाईचा. ००१११ म्हणजे पहिला अंक, पहिलं मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००१२१ म्हणजे पहिल्याच अंकाचं दुसरं मुखपृष्ठ, छपाई पहिलीच. ००११२ दिसलं की ती दुसरी छपाई, मग विकणारा काहीही म्हणो. सहाव्या अंकाची साधी पहिली प्रत असेल तर ००६११. ऑनलाइन घेताना मुखपृष्ठाच्या फोटोवर जाऊ नका, बारकोडचा जवळून काढलेला फोटो मागा. बारकोड बहुतेक वेळा मागच्या किंवा पुढच्या मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात असतो. मुखपृष्ठं फार झाली की प्रकाशक या पद्धतीत फेरफार करतात, म्हणून शंका आली तर आतल्या बारीक अक्षरांतला प्रकाशन-तपशील वाचा. नंतरच्या छपाईचा उल्लेख तिथे सहसा असतो.

ऑक्टोबर २०२४ च्या अ‍ॅब्सोल्यूट बॅटमन अंक १ च्या आणि जानेवारी २०२४ च्या अल्टिमेट स्पायडर-मॅन अंक १ च्या एकामागून एक छपाया निघाल्या. या दोन मालिकांचे सुरुवातीचे अंक मागाहून घेणार असाल तर हे पाच आकडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वाचायलाच हवा असेल तर मात्र तिसरी-चौथी छपाई खुशाल घ्या. कागद आणि चित्रं त्याच दर्जाची असतात आणि किंमत बरीच कमी.

१९८० च्या दशकातले मार्व्हलचे अंक घेत असाल तर तिथे निराळा भेद आहे. बारकोडच्या चौकटीत स्पायडर-मॅनचा चेहरा छापलेला असेल तर तो कॉमिक्सच्या दुकानात गेलेला अंक. चौकटीत खरा बारकोड असेल तर तो स्टॉलवर विकलेला. कथा एकच, पण स्टॉलवरचे अंक हाताळले जायचे, त्यामुळे धड अवस्थेतले कमी उरले आहेत.

आता दोन क्रमांकांचं. मालिका पुन्हा १ पासून सुरू केली की नवे वाचक येतात, पण जुन्या वाचकांना सलग मोजणी हवी असते. म्हणून मार्व्हल मोठ्या क्रमांकाच्या जोडीला एलजीवाय असा लहान क्रमांक छापतं. ही अक्षरं 'लेगसी'ची. अमेझिंग स्पायडर-मॅनचं गणित बघा. पहिली मालिका १९६३ ते १९९८, अंक ४४१ पर्यंत. १९९९ मध्ये पुन्हा १ पासून सुरू होऊन ५८ पर्यंत गेली. ४४१ आणि ५८ मिळून ४९९, म्हणून पुढच्या अंकावर थेट ५०० छापलं. तिथून २०१२ अखेर ७००. मग सुपीरियर स्पायडर-मॅनचे ३३, २०१४ च्या मालिकेचे १८, रिन्यू युअर व्हाउजचे ५ आणि २०१५ च्या मालिकेचे ३२ धरले की होतात ७८८. २०१७ मध्ये मालिका जुन्या मोजणीवर परतली ती म्हणूनच ७८९ वर. २०२२ च्या मालिकेचा अंक ६ हाच ९०० वा अंक आहे.

डीसीचंही असंच. २०११ मध्ये अ‍ॅक्शन कॉमिक्स ९०४ वर आणि डिटेक्टिव्ह ८८१ वर थांबवून दोन्ही १ पासून सुरू केल्या. प्रत्येकी ५२ अंकांनंतर २०१६ मध्ये त्या अनुक्रमे ९५७ आणि ९३४ वर परत आल्या. हे ठाऊक नसलं की डिटेक्टिव्ह ८८२ शोधत माणूस वर्ष घालवतो. त्या क्रमांकाचा अंक निघालेलाच नाही.

म्हणून तुमच्या यादीत नुसतं "स्पायडर-मॅन ६" लिहू नका. रकाने असे ठेवा: मालिका, सुरू झाल्याचं वर्ष, मुखपृष्ठावरचा क्रमांक, लेगसी क्रमांक, मुखपृष्ठाचं अक्षर, छपाई, पेटी क्रमांक. मुखपृष्ठावरचा महिना तारीख म्हणून लिहू नका, तो प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण दोन महिने पुढचा असतो. अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलंय, पण विक्रीला तो एप्रिलमध्येच आला होता. तपशील पडताळायला ग्रँड कॉमिक्स डेटाबेस ही वेबसाइट पुरेशी आहे. नोंदी ठेवायला आणि येत्या बुधवारी काय येणार हे बघायला लीग ऑफ कॉमिक गीक्स सोयीचं.

पानं_आधी:

विकायचं नाही आणि वाचायचंय, हे वाक्य धरून एक सुचवतो. तिन्ही मालिका सुट्या अंकांत घ्यायची गरज आहे का ते एकदा तपासा. पाच-सहा अंक झाले की त्यांचा पुस्तकरूप संग्रह निघतो. तो सुट्या अंकांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतो, जाहिराती नसतात, कपाटात पुस्तकासारखा उभा राहतो. मार्व्हल अनलिमिटेड या डिजिटल सेवेवर नवे अंक तीन महिन्यांनी येतात. डीसीच्या डिजिटल सेवेत महागड्या वर्गणीला साधारण महिन्याभराने, साध्या वर्गणीला सहा महिन्यांनी. ठाण्यात गेल्यावर दर बुधवार चालू ठेवायचा म्हणजे अंकाच्या किमतीपेक्षा टपाल जास्त होईल. जी मालिका चालू असताना दर महिन्याला चर्चा करत वाचायची आहे ती सुट्या अंकांत ठेवा, बाकीच्या संग्रहात घ्या. संग्रहाचा एक तोटा मान्य करायला हवा: वाचकांची पत्रं आणि त्या महिन्याच्या जाहिराती त्यात सहसा नसतात. ज्याला त्या महिन्याची हवा हवी त्याला सुटा अंकच लागतो.

कोरडी_पेटी:

तिसरा आणि चौथा प्रश्न एकत्रच घ्यावे लागतील.

आधी माप. आजचा अंक साधारण ६ ५/८ इंच रुंद आणि १० ३/१६ इंच उंच असतो. त्याला 'करंट' मापाची बॅग, ६ ७/८ बाय १० १/२ इंच, आणि ६ ३/४ इंच रुंद बोर्ड. जाड अंक आणि १९७० च्या आधीचे बरेच अंक यात कोंबले की कण्यावर ताण येतो. त्यांना 'सिल्व्हर' मापाची ७ १/८ इंची बॅग आणि ७ इंची बोर्ड. बोर्डाची चकचकीत बाजू अंकाकडे ठेवा. तिच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो, तो आम्ल शोषतो. बोर्डाचा गाभा मात्र साध्या लगद्याचा असतो आणि काही वर्षांनी तोच आम्लधर्मी होतो.

प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि चांगलं, पण पाच-सात वर्षांनी ते सैल पडतं, लहरी येतात. त्या वेळी बॅग आणि बोर्ड दोन्ही बदला. मायलर म्हणजे पॉलिएस्टर. चौपट-पाचपट महाग, पण दशकानुदशकं तसंच राहतं. वीस वर्षांचा विचार असेल तर निवडक अंक मायलरमध्ये, बाकीचे पॉलिप्रॉपिलीनमध्ये ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातले पारदर्शक कव्हर नकोत. त्यात पीव्हीसी निघतं, त्यातलं मऊपणा देणारं रसायन झिरपून शाई चिकटते. ओळखायचं असेल तर एक तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं, पीव्हीसी तळाला जातं. मायलरही बुडतं, तेव्हा ही कसोटी फक्त स्वस्त बॅगांना लावा.

बॅगेची झडप मागच्या बाजूला चिकटवा आणि टेपचं टोक अर्धा सेंटिमीटर दुमडून ठेवा, म्हणजे उघडताना पकड मिळते. अंक बाहेर काढताना टेप पूर्ण सोडवून बॅगेच्या मागे उलटी वळवा. मोकळी टेप मुखपृष्ठाला लागली की रंगाचा थर घेऊनच निघते. अंकाचं हे नुकसान सगळ्यात जास्त घरांत होतं.

वाचताना अंक पूर्ण सपाट पसरू नका. इंग्रजी व्हीच्या आकारात धरला की कण्यावर पांढऱ्या रेघा येत नाहीत. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावलेलं नको. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती आधी सोडा.

आता ठाणं. सिलिका जेलच्या पुडीने भागत नाही, आणि का भागत नाही ते समजून घेतलं तर बाकी सगळं आपसूक जमतं. पेटीतल्या हवेत पाणी अगदी थोडं असतं, ३० लिटर दमट हवेत जेमतेम एक ग्रॅम. खरं पाणी धरून बसतो तो कागद. १० किलो कागद ५० टक्के आर्द्रतेतून ८० टक्क्यांत नेऊन काही दिवस ठेवला तर तो आणखी ३००-४०० ग्रॅम पाणी ओढून घेतो. २५० ग्रॅम सिलिका जेलने त्यातलं फार तर ५० ते ७५ ग्रॅम निघतं. म्हणजे जुलैत दमट झालेले अंक पेटीत घालून घट्ट बंद केले की ओलावा आत कोंडला जातो आणि पुडी दोन दिवसांत संपते. बुरशीला ६५-७० टक्के आर्द्रता आणि थोडा वेळ एवढंच लागतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागद कोरडा करा, मग हवाबंद करा. सिलिका जेलचं काम पुढच्या महिन्यांत झिरपणारा थोडासा ओलावा टिपण्यापुरतं. खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० च्या आसपास आणा, अंक बॅगेतून काढून तीन-चार दिवस रॅकवर उभे, सुटसुटीत ठेवा, मग बॅगेत घालून त्याच खोलीत पेटी बंद करा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकलं तर यंत्रावर भार येत नाही. ३० टक्क्यांच्या खालीही नेऊ नका, मुखपृष्ठ आणि आतली पानं वेगवेगळी आक्रसतात आणि अंकाला कमान येते.

पेटी अमेरिकेतली पुठ्ठ्याची नको. पुठ्ठा स्वतःच ओलावा पितो आणि कसरीला आवडतो. झाकणाला रबरी कड असलेले पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या, आतून किमान २८ सेंटिमीटर उंच, १९ सेंटिमीटर रुंद. बॅग-बोर्डासह एक अंक साधारण अडीच मिलिमीटर जाड, म्हणजे १०० अंकांना २५ सेंटिमीटर. तुमचे ३४० अंक ८५ सेंटिमीटर होतात. ११५-११५ चे तीन डबे करा, प्रत्येक डबा ११ किलोच्या आसपास भरेल आणि एकट्याला उचलता येईल. अंक उभेच ठेवा, आणि इतकेच घट्ट की मधे दोन बोटं शिरतील. सैल ठेवले तर ते वाकून बसतात आणि वर्षभरात वाक पक्का होतो. जागा उरली तर कोऱ्या बोर्डांनी भरा.

प्रत्येक डब्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल, सुती पिशवीत, अंकांना न टेकता. रंग बदलणारं नारंगी घ्या, हिरवं झालं की १२० अंशांवर दोन-तीन तास भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतं. निळं नको, त्यातल्या कोबाल्टचा त्रास होतो. डब्यात लहान डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, आकडा बाहेरून दिसेल असा.

डबे जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर, आणि बाहेरच्या भिंतीला लावून मुळीच नाही. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, पश्चिमेची भिंत आतून ओल धरते. तुमची पश्चिमेची खोली ऐकून तेवढ्यासाठी काळजी वाटली. दुसरी खोली असेल तर बदला, नसेल तर आतल्या भिंतीशी ठेवा.

डांबर गोळ्या नकोत. त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि कागदावर बसते, वास जात नाही. कडुनिंबाचा पालाही आत नको, तो स्वतः ओलावा घेऊन येतो. घरात जुने इंद्रजाल कॉमिक्स असतील (१९६४ ते १९९०, मराठीतही निघत) तर ते प्रेमाने जपा, पण वेगळ्या डब्यात. तो न्यूजप्रिंट आहे, त्यातून आम्ल सुटतं, आणि माळ्यावर राहिलेल्या अंकांत कसर असण्याची शक्यता मोठी. आधी ते झिप पिशवीत, हवा काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

बुधवारची_पेटी:

मंडळी, मनापासून आभार. कागदच पाणी धरून बसतो हे कुठेच वाचलं नव्हतं. दोन शंका उरल्या. नेताना विमानाने न्यावेत की टपालाने? आणि प्रवासात किंवा पावसात एखादा अंक भिजलाच तर लगेच काय करायचं?

यादी_आधी:

बॅग-बोर्डासह अंक ९० ते १०० ग्रॅम धरा. ३४० अंक म्हणजे ३१ ते ३४ किलो. विमानाच्या २३ किलोच्या दोन प्रवासी बॅगांत बसतात, बॅगेचं स्वतःचं वजन आणि भोवतीचे कपडे धरूनही. टणक कवचाची बॅग घ्या. अंकांचे २५-२५ चे गठ्ठे करा, वर-खाली अंकापेक्षा थोडा मोठा जाड पुठ्ठा, भोवती प्लास्टिक. दोरी किंवा रबर नको, कडा कापल्या जातात. गठ्ठे आडवे ठेवा आणि बॅगेच्या कडांपासून चार बोटं आत, मधे कपडे. जास्त मोलाचे ४०-५० अंक हातातल्या सामानात.

अमेरिकेतल्या अमेरिकेत काही अंक टपालाने पाठवायचे असतील तर स्वस्त 'मीडिया मेल' वापरू नका. जाहिराती असलेल्या छापील मालाला तो दर लागू नाही, आणि कॉमिक्स त्यात येतात. पाकीट उघडून तपासलं तर वरचे पैसे भरावे लागतात.

कोरडी_पेटी:

न्यू जर्सीतून निघायचा महिना तुमच्या हातात असेल तर हिवाळ्यात बांधा. हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता २५-३० टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणून बांधण्याआधी चार दिवस अंक थोड्या कमी तापणाऱ्या खोलीत, ४० च्या आसपास ठेवा. गठ्ठे झिप पिशव्यांत बंद करा. ठाण्याला पोहोचल्यावर पिशव्या लगेच फोडू नका. एसी लावून खोली ५० वर आली की मगच उघडा आणि डब्यांत हलवा. निघणं जूनवर गेलं तर पिशव्या तशाच बंद ठेवून खोली तयार होईपर्यंत थांबायला हरकत नाही, कागद आत कोरडाच आहे.

भिजलेल्या अंकाबद्दल. आजचा कागद लेप दिलेला, चकचकीत असतो. भिजला की लेप गोंदासारखा होतो, आणि अंक मिटलेल्या अवस्थेत वाळला तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून वाळायची वाट बघायची नाही. ओला असतानाच पान अन् पान हलकेच सुटं करा आणि प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घाला. पंखा चालू, पण झोत अंकावर नको. ऊन नको, इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. चार-सहा तासांनी बटर पेपर बदला. हाताला फक्त गारवा जाणवू लागला की दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून वर चार-पाच किलो वजन, तीन दिवस. लहरी पूर्ण जाणार नाहीत, पण अंक वाचता येईल. एकाच वेळी बरेच भिजले आणि हात पुरणार नसतील तर बाकीचे झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठल्यावर पानं चिकटायची थांबतात, मग एकेक काढून वरची कृती करा. पिनांना गंज चढला असेल तर ओढून काढू नका, गंजाचा डाग पानात पसरतो. अंक पूर्ण वाळू द्या, मग बघा.

सतरा_आकडे:

आर्द्रतामापकाबद्दल एक भर. स्वस्त मापकं पाच-दहा टक्के चुकतात, आणि ५० ऐवजी ६० असेल तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर दिसता कामा नये. झाकण आणि मापक एकाच झिप पिशवीत, एकमेकांना न लावता, १० ते १२ तास बंद ठेवा. आकडा ७५ वर यायला हवा. ७१ दाखवला तर त्या मापकावर "अधिक ४" अशी चिठ्ठी चिकटवा. तीन डब्यांसाठी तीन मापकं घेत असाल तर तिन्ही एकाच पिशवीत घालून तपासा.

बुधवारची_पेटी:

मीठ आजच लावतो. पुल लिस्टचा कागदही लिहून झाला: तीन मालिका, वर्षासकट, फक्त कव्हर ए, अ‍ॅन्युअल धरून.